बिडाची चूल

राजिवडा, रत्नागिरी
१४ नोव्हेंबर १९९९

इरम बाय,

अस्सलामु अलैकुम.

पत्र तुझ्या बापाचंच आहे, अक्षर ओळखशील. फाडू नकोस, आधी वाच. पाच वर्षांत मी धाडलेली ईदीची कार्डं तू पेटीत ठेवलीस की बंबात घातलीस ते अल्लाला ठाऊक. उत्तर एकालाही नाही. फोन करावा तर माझ्या कानांनी संप केलाय. बूथवर उभा राहून मी ओरडतो, समोरचं मला काही ऐकू येत नाही आणि बाहेर रांगेतले लोक मात्र सगळं ऐकतात. म्हणून कागद. बोटीवरच्या मराठी चौथी शिकलेल्या बबर्चीचं लिहिणं, चालवून घे.

काम असं आहे. तुझ्या आईची बिडाची चूल मी पुन्हा उभी करायला घेतलीय. माझी पहिली बोट मुंबईला दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, भंगारात निघाली तेव्हा तिच्या भटारखान्यातनं सोडवून आणलेली, तीच. बंदरावरून घरापर्यंत सहा माणसं लागली होती. सकिना दारात उभी राहून म्हणाली, "लोक बायकोला सोनं आणतात, तुम्ही लोखंड आणलंत." मग त्याच लोखंडात तिने वीस वर्षं नानखटाई भाजून विकली आणि तुझ्या लग्नाचं सोनं केलं.

पाच वर्षं ती मागे फणसाखाली पडून होती. परवा बाबल्या नारळ न्यायला आला. पालीचा बाबल्या, बंदरावरच्या वर्कशॉपात वेल्डर होता तो. त्याने पाला बाजूला करून बोटाने टकटक केलं नि म्हणाला, "मुसाभाई, बीड हाय, पत्रा न्हाय. सांधतंय." तेव्हापासून मला झोप नाही.

आता मला सांग. खालच्या खोलीत, जिथे पूर्वी भात उकडायचे, त्या जांभ्याच्या कोनाड्यात चूल किती आत सरकवलेली होती? सांध्यांना माती कसली लावायची? आणि धुराड्याची झडप कितपत उघडी ठेवायची? मी वर्षाचे दहा महिने पाण्यावर. तिच्या हाताखाली तूच होतीस.

मागचं थोडं लिहितो, नाहीतर म्हणशील म्हातारा कामापुरता गोड. सकिना गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू चहासाठी चूल पेटवलीस, मी चार माणसांत तुला नाही नाही ते बोललो, पेटत्या चुलीवर पाण्याची कळशी ओतली आणि चूल तडकली. माझं चुकलं असेल. पण मयतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचं जेवण येतं, हे तुलाही ठाऊक होतं ना गो? एका चहावरून कुणी बापाचं घर सोडतं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तुझ्यात माझाच आलाय.

त्यानंतर आठवड्यात तुझी लेक उझमा गेली. दफनाला मी बुरोंडीला आलो, तू आतल्या खोलीतनं बाहेर आली नाहीस. त्यावर मी बोलत नाही. ते दुःख तुझं.

उत्तर दे. चुलीपुरतं दे.

तुझा बाप,
मुसा

---

बुरोंडी
२ डिसेंबर १९९९

बावा,

सलाम. पत्र पोचलं. चुलीपुरतं लिहिते.

कोनाड्यात मागच्या भिंतीपासून चार बोटं मोकळी सोडायची, हवा खेळायला. पायांखाली चिरे होते, पुढचे दोन जरा उंच, म्हणजे कढईतलं तेल मागे जायचं. आई तशीच लावायची. तुम्ही सरळ कराल, करू नका.

माती वारुळाची. चाळून, त्यात निम्मी राख आणि मूठभर मीठ. ताकासारखी पातळ नको, भाकरीच्या पिठासारखी मळायची. सांधा भरल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

झडप पेटवताना पूर्ण उघडी. लाल निखारे झाले की दोन बोटं. आधी धुराड्यात पाहा, पाकोळ्यांनी घरटी केली असतील.

ईदीची कार्डं पेटीत आहेत.

चहाचं म्हणाल तर मी चहा पीत नाही. कधीच पीत नव्हते. आईला ठाऊक होतं.

इरम

---

राजिवडा, रत्नागिरी
२१ डिसेंबर १९९९

इरम बाय,

सलाम आणि दुवा.

तुझं पत्र मी बाबल्याला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "मुसाभाई, मला वारुळाची माती पाठ झाली, आता पुरे."

ऐक काय काय झालं. आधी घासलेट आणि तारेच्या ब्रशने गंज काढला, तीन दिवस. माझी दाढी तांबडी झाली, मशिदीत लोक विचारायला लागले मेंदी लावलीस का. धुराड्यात घरटी निघाली सात. तू सांगितलंस म्हणून पाहिलं, नाहीतर धुराने मेलो असतो आणि तू म्हणाली असतीस, बरं झालं.

डाव्या अंगाची चीर वीतभर होती. बाबल्याने ती बाजू सुटी करून कोळशात लाल तापवली आणि पितळेच्या सळीने सांधली. मला वाटलं, झालं. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झालो, गार करायला. तर हा माणूस माझ्यावर असा खेकसला! "मेल्या, पुन्हा तेच? बिडाला पाणी दाखवू नको. त्याला हळूहळू निवायला लागतं." मग आम्ही ती भाताच्या तुसात आणि राखेत पुरून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी काढली तरी कोमट होती. आता चिरेच्या जागी पितळेची पिवळी रेघ दिसते. बाबल्या म्हणाला, काजळी लावून झाकू. मी नको म्हटलं. राहू दे, दिसू दे.

खालची जाळी गंजून गेलेली, ती सळ्यांची नवी केली. पुढचे चिरे उंच ठेवले, तुझ्या हुकमाप्रमाणे. रोजा धरून हे सगळं केलं, सत्तरीचा बाप तुझा अजून कामाचा आहे.

एक गंमत सांगायची राहिली. भाजायच्या कप्प्याचं दार गंजून बसलं होतं. बाबल्याने पहार घालून उघडलं तर आत काळंकुट्ट बोंडलं! तान्ह्या मुलांना दूध पाजतात ते. राखेने घासलं तर चांदीचं निघालं. तुझ्या लहानपणचं असणार. सकिनाने एवढी वर्षं तिथे जपून ठेवलं होतं आणि मला कधी बोलली नाही बघ. मी ते हातात घेऊन खालच्या खोलीत बसलो आणि खरं सांगतो, रडलो. बाबल्या उठून बाहेर गेला.

ईदीला ये. तुझ्याशिवाय चूल पेटवत नाही. पहिल्या जाळावर मीच तुझ्यासाठी चहा टाकतो. त्या दिवशीचा राहिलेला. पीत नसलीस तरी एक घोट घे. बोंडलं तुझ्या हातात देतो आणि मग आपण दोघं मिळून सकिनाला शिव्या घालू, का लपवलंस म्हणून.

वाट बघतो.

बाप

---

बुरोंडी
४ जानेवारी २०००

बावा,

ते बोंडलं माझं नाही. उझमाचं आहे. तिच्या जन्माला आईने रत्नागिरीच्या सोनाराकडून करून घेतलं होतं. त्या दिवशी ते कोमट व्हावं म्हणून मीच कप्प्यात ठेवलं होतं.

मला वाटत होतं तुम्हाला ठाऊक आहे. पाच वर्षं मी असंच धरून चालले की माझ्या बापाला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो गप्प आहे. आता तुमचं पत्र वाचून कळलं की तुम्ही आजपर्यंत चहाच समजून बसलात. बावा, मी काय करू? रागावू तरी कुणावर?

मग ऐका. आई गेली त्याच दिवशी माझं दूध आटलं. उझमा आठ महिन्यांची. तिला जुलाब लागलेले. शेजारणींनी पुलाव आणला, डाळ आणली, भाकऱ्यांची चवड आणली, कुणी काही कमी केलं नाही. पण तान्ह्या पोरीचं दूध कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मला मागायचं सुचलं नाही, माझी आई मेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उझमा रडायची थांबली. मूल रडायचं थांबलं की भीती वाटते हे बाईलाच कळतं. पाणी उकळायचं, मीठ-साखर घालून पाजायचं आणि मग थोडं दूध, एवढंच मला करायचं होतं. म्हणून खाली गेले. वरच्या चुलीपाशी सगळ्या बायका बसलेल्या, म्हटलं खाली कुणाला दिसणार नाही. धूर वर जातो हे विसरले.

पाण्याला नुसते बुडबुडे येत होते. तेव्हा तुम्ही आलात. तुम्ही म्हणालात, "आईची माती ओली आहे आणि तुला चहाची तल्लफ?" मी तोंड उघडलं तेवढ्यात कळशी ओतलीत. बीड तडकलं तो आवाज मला अजून येतो. खोलीत वाफ, राख, आणि जिन्यात उभे राहून बघणारे लोक. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. "पोर आजारी आहे," तीन शब्द. नाही बोलले. तुमचीच ना मी? माझा ताठा!

आणखी एक लिहिते, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवरा असून आमीरलाही नाही. दोन दारांपलीकडे दादूच्या घरी चूल पेटलेली होती. तिथे जाऊन पाणी उकळून घेता आलं असतं. पण चार माणसांत माझा अपमान झालेला, मी कुणाच्या दारात गेले नाही. तिला गार पाणीच पाजलं, हंड्यातलं. पदरात गुंडाळली आणि एसटी धरली. खेडला गाडी बदलताना ती गरम लागत होती. दापोलीच्या दवाखान्यात पाच दिवस होती.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, कशाने झालं सांगता येत नाही. मला सांगता येतं. पाच वर्षं मी सगळा दोष तुमच्यावर घातला, कारण अर्धा माझ्याकडे ठेवला असता तर मी जगले नसते.

ईदीला येणार नाही. चहा टाकू नका.

इरम

---

पाली
३० जानेवारी २०००

इरमबायस,

नमस्कार. मी बाबल्या, पोरीकडून लिहून घेतोय. तू बापाला काय लिहिलंस ते मला ठाऊक नाय, विचारणारही नाय. पण ईद झाली, माणसाने नवे कपडे घातले नाय. दोनदा गेलो, दोन्ही वेळेला खालच्या खोलीत चुलीसमोर बसलेला. जेवण दादूच्या घरून येतं ते तसंच परत जातं. काल गेलो तर हातात माझा घण. चुलीवर मारायला उचललेला आणि वरच्या वर धरून उभा. मी काढून घेतला. म्हणतो, भंगारवाल्याला बोलव. मी म्हटलं, तुझी लेक सांगेल तर बोलवीन. तेव्हा तू काय ते कळव. शिवी दे, पण कळव.

बाबल्याकाका

---

राजिवडा, रत्नागिरी
११ फेब्रुवारी २०००

इरम,

पाच कागद फाडले. हा सहावा.

मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण खरं असून पुरत नाही. मी विचारलं नाही. एवढ्या बोटींवर मी लोकांना खायला घातलं, कोण जेवला, कोण उपाशी, माझ्या नजरेतनं सुटायचं नाही. माझ्या घरात माझी नात उपाशी होती आणि मी ओट्यावर पुरुषांत बसलो होतो.

तुला सांगतो काय झालं. कुणीतरी म्हणालं, "मुसाभाई, तुमच्या घरातनं धूर येतोय." एवढंच म्हणालं. मला लाज वाटली. बायको जमिनीखाली जाऊन एक रात्र झाली होती, आणि मला लोकांची लाज वाटली. तीन दिवस चूल पेटू नये ते कशासाठी? घरातल्यांना दुःखात रांधावं लागू नये म्हणून. मोठ्यांनी आपल्या मायेने घातलेली रीत. ती मी घेतली आणि तुझ्या पोरीवर ओतली.

बुरोंडीच्या कब्रस्तानात आमीर नव्हता, कुवेतहून पोचला नव्हता. म्हणून तिला खाली ठेवायला मी उतरलो. माझ्या हातांत होती ती. फार हलकी होती गो. मी मनात म्हटलं, अल्लाची मर्जी. आज मला ते आठवलं की वाटतं, मी कुठल्या तोंडाने त्याचं नाव घेतलं.

तू अर्धा दोष घेतेस तो परत दे. तू चोवीस वर्षांची होतीस, आई गेलेली, अंगावर आजारी मूल. दादूच्या दारात तू गेली नाहीस, कारण मी तुला कुणाच्या दारात जाण्याजोगी ठेवली नाही. सगळा माझा आहे. सत्तर वर्षांचा आहे मी, किती दिवस उचलायचा आहे तो? उचलीन.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, नाहीतर नाही म्हणावं लागेल. दोन्ही तुझ्यावर कशाला टाकू.

चुलीचं काय करू ते सांग. मोडू म्हणालीस तर मोडतो.

मुसा

---

बुरोंडी
१९ मार्च २०००

बावा,

चूल मोडायची नाही. विकायचीही नाही. आईची आहे ती.

मी येणार नाही. येईन असं खोटं लिहून तुम्हाला दर गाडीला स्टँडवर उभं करणार नाही. त्या खोलीचा जिना मला उतरवणार नाही. पुढे कधी होईल का ते मला ठाऊक नाही. तुमच्यावरचा राग पूर्वीसारखा राहिला नाही, पण तो गेला की जागा रिकामी होते आणि तिथे उझमा येऊन बसते. राग बरा होता.

पण तुम्ही विचारलंत काय करू, तर सांगते. ऐका आणि तसंच करा, स्वतःची अक्कल घालू नका.

चूल पेटवा. बाबल्याकाकांनी सांगितलं असेलच, पहिले तीन दिवस थोडा थोडा जाळ, नुसती नारळाची सोडणं घालून. मग लाकडं. आणि मोहल्ल्यात कुणाच्या घरी मयत झाली की त्या घरात कुणी तान्हं आहे का, ते आधी विचारा. पुलाव सगळे नेतात. तुम्ही दूध न्या. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, आणि मूल रात्री उठत असेल तर तेव्हाही. पाणी उकळी फुटल्यावर वीस मिनिटं ठेवायचं, घड्याळ लावून. दूध कोमट झालं की मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघायचा. तुमचे हात भाजून भाजून मेलेले आहेत, बोटांवर विश्वास ठेवू नका.

कुणी म्हणालं की मयतीच्या दिवसांत मुसाच्या घरातनं धूर येतोय, तर म्हणा, येतोय.

बोंडलं मला पाठवू नका. तिथेच राहू दे, कप्प्यात.

इरम

---

राजिवडा, रत्नागिरी
२३ ऑगस्ट २०००

इरम बाय,

सलाम.

एप्रिलमध्ये चूल पेटवली. तीन दिवस सोडणं, मग लाकडं, तू म्हणालीस तसं. धूर सरळ वर गेला. चीर तापली, पण सुटली नाही. तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं अजून काही झालेलं नव्हतं. चूल पेटली म्हणजे काम झालं असं नाही.

परवा सोमवारी दादूची आई गेली. पिकलं पान, नव्वदीची, रडण्याजोगं फारसं काही नव्हतं. दफन करून आलो आणि मी विचारलं, घरात तान्हं कोण आहे? दादूने आत बोट केलं. त्याच्या सुनेचा मुलगा, सात महिन्यांचा. सून तापाने पडलेली, अंगावर पाजायला डॉक्टरांनी मनाई केलेली. सगळ्या घरात माणसंच माणसं आणि पोराचं कुणाला काही ठाऊक नाही. पुलावाचे चार टोप आलेले.

घरी आलो. खाली उतरलो. चूल पेटवली. पाणी वीस मिनिटं, घड्याळ लावून. दूध वेगळं तापवलं. बोंडलं कप्प्यात होतं ते त्याच पाण्यात उकळून घेतलं. मनगटावर थेंब टाकला, गरम लागला. थांबलो. पुन्हा टाकला. बाबल्या म्हणतो तसं, हळूहळू निवायला लागतं. मग छत्रीखाली झाकून नेलं, दोनच दारं.

ओट्यावर पुरुष बसलेले. त्यांतला एक म्हणाला, "मुसाभाई, तुमच्या धुराड्यातनं धूर येतोय." मी म्हटलं, "येतोय." आणि आत गेलो. बायकांनी पदर सावरले, म्हातारा आत कुठे म्हणून. मी म्हटलं, पोराला इकडे द्या, मला फक्त दूध पाजायचं आहे. दादूची बायको म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या लेकीने.

मला पाजता येईना. पहिलं सगळं त्याच्या गळ्यावर सांडलं. मग त्या बाईने माझं मनगट धरलं, तेव्हा जमलं. इरम, मी जगभर लोकांना जेवू घातलं, पण तान्हं मूल दूध कसं पितं ते मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. तुझ्या वेळी बोटीवर होतो. उझमाच्या वेळी ओट्यावर होतो. ते आधी डोळे मिटून ओढतात, मग मध्येच थांबून आपल्याकडे बघतात, तुला ठाऊकच आहे. तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिनेही असंच कुणाकडे तरी बघितलं असेल त्या सकाळी.

तीन दिवस नेलं. आज शेवटचा दिवस होता. सुनेचा ताप उतरला.

तू यायला हवंस असं मी लिहीत नाही. फक्त सांगतो, त्याने सगळं प्यायलं. बोंडलं रिकामं झालं, मग मी उठलो.

तुझा बाप,
मुसा